मांडवात बोललो ते

३ नोव्हेंबर २०२४, चोपडा

भाऊबीज. सूनबाई पुनम सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला माहेरी गेली आणि तिची पाठ फिरायचीच वाट बघत असल्यासारखा कौतिकभाऊ दुपारी गावाहून आला. थोरला भाऊ आहे, मान ठेवावा लागतो. फराळाची प्लेट संपवून म्हणाला, "पाच वरीस व्हयनात, हिलाल. ज्ञानूकरता दुसरी पोर देखी ठेवेल शे मी."

आत सौ. भागाबाईनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मी म्हणालो, भाऊ, सून म्हणजे बाजारात बदलून आणायची बैलजोडी नाही. हा विषय माझ्या ओट्यावर पुन्हा काढायचा नाही. भाऊ रागानं गेला. जाऊ दे.

तो गेल्यावर ज्ञानू बाहेर आला. एकुलता मुलगा. धुळ्याला तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. मुळात बोलतो कमी. माझ्याशेजारी बसून चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला आणि मग म्हणाला, "नाना, पुनममध्ये काही नाही. माझ्यात आहे. दोनदा तपासलं. शुक्राणू कमी आहेत असं नाही, अजिबातच नाहीत."

मी म्हटलं, बाटल्या बदलल्या असतील कुणीतरी. तू स्वतः प्रयोगशाळेतला माणूस, तुला कळू नये? तो हसला नाही. "हे घराबाहेर जाऊ देऊ नका," एवढंच म्हणाला. मी शब्द दिला.

सारी नोकरी मी शाळेच्या मैदानावर काढली. माझ्या हाताखालची पोरं पोलिसात गेली, सैन्यात गेली. हिलाल सरांच्या पोराला मूल होत नाही, हा निकाल मला मान्य नाही. उद्यापासून हा विषय माझ्या हातात.

८ नोव्हेंबर

सौ. पुन्हा धुळ्याला गेली, तिच्या बहिणीला बघायला. या वर्षात ही बहीण फारच आजारी पडते आहे. काय झालंय विचारलं तर म्हणते, बायकांचं आहे.

मी जळगावच्या एका डॉक्टर बाईंची वेळ घेतली, डॉ. रोहिणी. माझ्या एका जुन्या कबड्डीपटूनं नाव सुचवलं. त्याला कशासाठी ते सांगितलं नाही. लांबच्या एका नातेवाइकासाठी म्हणालो.

१९ नोव्हेंबर

जळगावला जाऊन आलो. ज्ञानू नको म्हणत होता, तरी मी सोबत गेलोच. तिथे बसलेल्या बायका समोर बघत होत्या आणि पुरुष सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून. मला ते बघवेना. मी उठून मोठ्यानं म्हणालो, "अरे, मान वर करून बसा! चोरी केली आहे का कुणी?" एका पोरानं तर टोपी अजून खाली ओढली. आजकालच्या पोरांत दम नाही. ज्ञानू पाणी प्यायला बाहेर गेला आणि आमचं नाव पुकारलं तेव्हाच आत आला.

डॉक्टर बाई शांत आहेत. मी त्यांना सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही कधी झालेलं नाही, पोराचा आवाज ऐका, दाढी बघा. त्या म्हणाल्या, "सर, दाढीचा आणि याचा संबंध नाही. आणि घराण्यात झालं नाही असं नसतं, घराण्यात कुणी सांगितलेलं नसतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन शक्यता. शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे, किंवा तयारच होत नाहीत. वाट बंद असली तर सुईनं काढून घेता येतात. दुसरं असलं तर अवघड. रक्त तपासायला घेतलं, हार्मोन्ससाठी आणि गुणसूत्रांसाठी.

मी म्हणालो, वाट बंद असेल. बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पुनम सगळं लिहून घेत होती. गणिताची शिक्षिका आहे. सबंध वेळात माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. लाजाळू आहे.

१२ डिसेंबर

वाट बंद नाही. तयारच होत नाहीत.

बाई म्हणाल्या, तरीही एक उपाय करून बघता येतो. शस्त्रक्रिया करून वृषणाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं. कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात थोडे सापडतात कधी कधी. जिवंत सापडले तर पुनमच्या बीजात एकेक सुईनं सोडायचे आणि गर्भ बाहेर तयार करून पिशवीत ठेवायचा. नाहीच सापडले तर दाता. आणि यातलं काहीच नको असेल तर दत्तक, तेही तितकंच चांगलं, असं त्या म्हणाल्या. "घाई करू नका. दोघांनी ठरवा." दोघांनी म्हणताना माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर रस्त्यापलीकडे चहाला बसलो. मला एकदम मार्ग दिसला. म्हणालो, दाताच घ्यायचा तर परका कशाला? भाऊचा बबलू आहे ना. दोन पोरांचा बाप, धडधाकट. घरचं रक्त घरात राहील. मी गुपचूप बोलतो त्याच्याशी.

ज्ञानू कपाकडे बघत राहिला. पुनम बोलली. या घरात आल्यापासून ती एवढं पहिल्यांदाच बोलली.

"नाना, बबलूभाऊंच्या पोरांची मी काकू आहे. उद्या सणाला ते घरी येतील आणि माझ्या मुलाकडे बघतील तेव्हा काय म्हणून बघतील? आणि मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू? मी लग्न यांच्याशी केलंय, तुमच्या रक्ताशी नाही."

मी म्हणालो, मी तर भल्याचंच सांगतोय. ती म्हणाली, "आणि कायद्यानं चालतच नाही. दाता नोंदणी केलेल्या बँकेतूनच येतो, त्याचं नाव कुणालाच सांगत नाहीत. मॅडमनी मघाशीच सांगितलं, तुम्ही तेव्हा पंख्याकडे बघत होता."

असला कायदा कुणी केला ते बघायला पाहिजे. सून हुशार आहे, पण मानी फार. ज्ञानूनं तिला आवरायला हवं होतं. त्यानं उलट तिचा कप स्वतः नेऊन ठेवला.

२६ डिसेंबर

ज्ञानू शस्त्रक्रियेला तयार नव्हता. मी रोज फोन केला. मैदान सोडायचं नाही, शेवटच्या चढाईपर्यंत सामना संपत नाही, असं सांगत राहिलो. आज म्हणाला, "बरं नाना. करतो." शाब्बास. पोरगा माझाच आहे.

सौ. म्हणाली, "त्यान्हा मन नव्हतं, तुम्ही त्याले ढकलं." मी म्हणालो, ढकलल्याशिवाय कुणी पुढे जातं का?

१७ जानेवारी २०२५, जळगाव

सापडले नाहीत.

खास नाशिकहून आलेले सर्जन होते. दोन्ही बाजू तपासल्या. प्रयोगशाळेतली माणसं किती तरी वेळ शोधत बसली. डॉ. रोहिणी स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या.

मी ज्ञानूच्या खोलीत गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी म्हणालो, मुंबईला जाऊ, तिथे अजून मोठे डॉक्टर आहेत, एक निकाल म्हणजे शेवट नाही. तो तसाच पडून म्हणाला, "नाना, तुम्ही घरी जा." गुंगी असणार. सौ. आणि पुनम थांबल्या. मी एसटीनं परत आलो. तापीच्या पुलावर खिडकी उघडली तर शेजारचा म्हणाला, बाबा, थंडी आहे, बंद करा. मी केली नाही.

२५ जानेवारी

मुंबईचे नंबर मिळवले. ज्ञानू ते घेत नाही.

२ मार्च, गाव

आज बबलूच्या धाकट्याचं जाऊळ होतं. भाऊच्या दारी मांडव, सगळी भाऊबंदकी जमलेली. ज्ञानू-पुनम यायला तयार नव्हते. नाही आलात तर लोक बोलतील, असं मीच म्हणालो, म्हणून आले.

मुलाला ओवाळायची वेळ झाली. ताट फिरत फिरत पुनमच्या हातात आलं. तेवढ्यात शेवंताबाई, कौतिकभाऊची बायको, पुढे झाली. ताट काढून घेत सगळ्यांसमोर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे, पुनम. आठे लेकुरवाळी लागस." दोनतीन बायका हसल्या. पुनम तशीच मोकळ्या हातांनी उभी.

माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो, मैदानावर आवाज देतो तसा आवाज दिला. "ऐका रे सगळे! माझ्या सुनेत काही नाही. सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. होत नाही ते माझ्या पोराला! शस्त्रक्रियासुद्धा करून झाली. आता माझ्या सुनेकडे बोट दाखवायचं असेल त्यानं आधी माझ्यासमोर यावं."

कौतिकभाऊची मान खाली. शेवंताबाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. असं कुणीतरी पूर्वीच बोलायला हवं होतं. छाती मोकळी झाली.

पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानू उठून गाडी काढायला गेला. दोघंही न जेवता धुळ्याला निघाले. भरून आलं असणार. बापानं असं उभं राहायचं असतं.

५ मार्च

ज्ञानूचा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, तो उचलत नाही. पुनमही नाही. सौ. दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. भाकरी समोर ठेवते आणि आत जाते.

६ मार्च

आज विचारलंच, माझं चुकलं काय? सुनेसाठी भाऊशी वैर घेतलं, ते काय कमी आहे?

सौ. तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. "सूनले वाचाडता वाचाडता पोऱ्याले मांडवमा नागडं करी टाकं तुम्ही. शब्द देयेल व्हता ना त्याले?"

मी म्हणालो, खरं तेच बोललो.

"खरं त्यानं व्हतं. तुमनं नव्हतं."

मग तिनं सांगितलं की तिला वर्षापासून सगळं ठाऊक होतं. ज्ञानूनं पहिल्यांदा आईलाच सांगितलं होतं. बहीण आजारी वगैरे काही नाही, ती ठणठणीत आहे. ही धुळ्याला जायची ती पोराजवळ बसायला. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"तुमले सांगं म्हंजे गावले सांगं," ती म्हणाली आणि सूप उचललं.

मला हे पटलेलं नाही. मी गावाला सांगितलं ते रागाच्या भरात. आधी चार महिने पोटात ठेवलंच होतं की. पण जेवण गेलं नाही.

११ मार्च

बाजारात मधू टेलर भेटला. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "सर, ज्ञानूचं ऐकलं. वाईट वाटलं. एक औषध आहे मध्य प्रदेशातल्या वैदूचं." मी त्याचा हात झटकला. पुढे दूधवाल्यानं तेच. परत येताना माझी मान खाली होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

तंत्रनिकेतनात आमच्या गावचा एक शिपाई आहे, त्याच्याकडून बातमी तिथेही पोचली. ज्ञानू रजेवर आहे, असं सौ.ला पुनमनं कळवलं. मी उद्या धुळ्याला जातो. सौ. म्हणाली, "जा. पन तठे जाई भाषण दिऊ नका."

१२ मार्च, धुळे

दार पुनमनं उघडलं. आत घेतलं, पाणी दिलं. मी म्हणालो, सूनबाई, मी तुझ्यासाठी बोललो.

"माहीत आहे नाना. माझ्यासाठी एवढ्या लोकांत उठून उभं राहिलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. पण मी मागितलं नव्हतं. ते ताट गेल्याचं मला काही नव्हतं. नंतर यांनी गाडी चालवत धुळ्यापर्यंत एक शब्द काढला नाही, त्याची मला भीती वाटली."

ज्ञानू आतून आला. दाढी वाढलेली. माझ्यासमोर बसला नाही, उभाच राहिला.

"नाना, आता सगळ्यांना माहीत झालं आहे. लपवायचं काही उरलं नाही. मी सोमवारी कामावर जाणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन, हो, मला होत नाही. माझ्या तोंडानं सांगेन. पण यापुढचं आमचं दोघांचं आहे. आम्ही दाता घेणार आहोत, बँकेतून. तुम्हाला विचारत नाही, सांगतोय."

मी म्हणालो, ज्ञानू, पण आपलं रक्त...

"रक्ताचं काढायचं असेल तर आत्ताच काढा. मग मी चोपड्याला येणार नाही. पुनमही नाही, मूलही नाही. त्याचा बाप मी. कुणाला हे पटत नसेल तर त्यानं माझ्या घरी येऊ नये. त्यात तुम्हीही आलात."

आवाज चढवला नाही त्यानं. जराही नाही. लहानपणी मैदानावर तो कडेला उभा राहायचा, समोरचा अंगावर आला की मागे सरायचा. आज मी पुढे सरकलो, तो जागचा हलला नाही.

निघताना विचारलं, पैसे लागतील का. तो म्हणाला, "नाही नाना. जेवून जा." जेवलो.

२४ मे

पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही. सौ.नं सांगितलं. मी मुंबईचं काढलं नाही.

२ ऑगस्ट

ज्ञानूचा फोन. मला स्वतः केला, आईच्या नाही, माझ्या फोनवर. "नाना, पुनमला दिवस गेलेत. अजून लवकर आहे, कुणाला सांगू नका."

मी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे नेहमीची मंडळी बसली होती. "काय सर, खुशीत?" मी म्हणालो, पाऊस चांगला आहे. परत घरी आलो. सौ. दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, नाही सांगितलं. तिनं साखर आणून माझ्या हातावर ठेवली.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दोघं दिवाळीला आली आहेत. पुनमला पुन्हा प्रवास नको म्हणून तिचा भाऊच पाचोऱ्याहून आमच्याकडे येणार होता. पोट दिसायला लागलंय. आता काय लपतं?

तो यायच्या आधी कौतिकभाऊ आला. मार्चपासून आमचं बोलणं नव्हतं. बसला नाही. ओट्यासमोर रस्त्यातच उभा राहिला, आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिलाल, तू तं मना मांडवमा सांगं व्हतं, पोऱ्याले व्हत नही. मंग हाई कसं व्हयनं?"

समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी इकडे माना वळवल्या. पुनम दारात उभी होती, तिनं ऐकलं.

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. शस्त्रक्रिया लागू पडली म्हणावं, तर कुणी खोटं ठरवणार नव्हतं. खरं सांगावं, तर ते गुपितही मीच फोडणार. नाहीतर भाऊची कॉलर धरावी. मी ओट्याचा कठडा धरून उभा राहिलो. म्हणालो, "भाऊ, ते मी सांगायचं नाही. ज्याचं आहे त्याला विचार. तो घरात आहे."

ज्ञानू आतून खुर्ची घेऊन आला, खाली उतरून भाऊसमोर ठेवली.

"बसा आबा. माझे शुक्राणू नाहीत, म्हणून दाता घेतला. कोण ते आम्हाला माहीत नाही, कळणारही नाही. मी आणि पुनमनं मिळून ठरवलं. अजून काही विचारायचं असेल तर बसून विचारा, पुनमलाही उभं राहावत नाही फार वेळ."

भाऊचं तोंड लाल झालं. "आपला कुळमा कोन्हं बी पोर चालाव नही. मी त्याले नातू म्हनाव नही."

"नका म्हणू," पुनम दारातूनच म्हणाली. "आजोबा आहेत त्याला."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी दोघांना आवरेन, असं त्याला वाटत असावं. मी म्हणालो, "सूनबाईनं सांगितलं ते ऐकलं ना?" भाऊ गेला. खुर्ची रस्त्यात तशीच राहिली. समोरची एक म्हातारी उठली, ओटा उतरून आली आणि त्या खुर्चीवर बसून पुनमला म्हणाली, "कितवा मयना शे माय तुले?"

१० एप्रिल २०२६, जळगाव

मुलगी झाली. सकाळी. दोघी सुखरूप आहेत. कौतिकभाऊला मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. त्याची मर्जी.

ज्ञानू तिला घेऊन बसला आहे आणि कुणाला देत नाही. नर्स दोनदा रागावली. सौ. नातीकडे बघता बघता पदरानं डोळे टिपत होती. मला वाटलं, तिला कसलं तरी दुःख झालं. मग हळूच म्हणाली, "कोनी तरी मायना पोऱ्या व्हई तो. त्यानं भलं व्हवो."

माझ्या मनात त्या माणसाचा विचार कधी आलाच नव्हता. आज दिवसभर येतोय. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत, भेटता येत नाही. मी भेटलो असतो तर त्याचा हात हातात घेतला असता, पाठ थोपटली असती. आणि मग पहिल्याच दमात विचारलं असतं, कुठले तुम्ही, आडनाव काय, कोणाचे?

नाही भेटता येत, तेच चांगलं आहे.